पायांचे मोजे घेण्याआधी: रक्तपुरवठा कमी असल्याचे कसे ओळखावे
दांडिया बाजार, वडोदरा येथील आमच्या सर्जिकल दुकानाकडून ग्राहकांसाठी

पाय दुखतात म्हणून दाबाचे (पाय घट्ट आवळून धरणारे) मोजे मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही माप घेण्याआधी विचारतो की दुखणे नेमके केव्हा सुरू होते. कमाटीबागेत फिरताना ठरावीक अंतर गेल्यावर पोटरीत गोळा येत असेल, थांबून नुसते उभे राहिल्यावर काही मिनिटांत तो जात असेल आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर येत असेल, तर रोहिणी (हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी वाहिनी) अरुंद झाल्याची शंका घ्यावी. खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच आराम पडत असेल, तर दुखणे बहुधा कण्याचे असते. संध्याकाळी घोटे सुजणे, शिरा फुगणे आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडणे ही नीलांच्या (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांच्या) विकाराची लक्षणे असून दाबाचे मोजे मुख्यतः त्यांच्यासाठी असतात. रोहिणीतून रक्त आधीच कमी येत असलेल्या पायावर तेच मोजे चढवल्यास जखम होऊ शकते, कधी बोटही गमवावे लागते.

घरी दोन्ही पाय उजेडात शेजारी ठेवून पाहावेत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागणे, नडगीवरचे केस जाऊन कातडी तुकतुकीत होणे, रात्री पाऊल ठणकणे व पाय पलंगाखाली सोडल्यावर बरे वाटणे, या खुणा गंभीर आहेत. मधुमेहात संवेदना कमी झाल्याने दुखणे जाणवतच नाही, म्हणून अशा ग्राहकांनी बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. तंबाखू आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रोहिणी अरुंद होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

निदानासाठी डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी पाहतात. त्यानंतर रुग्णाला थोडा वेळ आडवे ठेवून डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. घोट्याचा वरचा दाब ९६ आणि दंडाचा १४० असेल, तर भागाकार ०.६९ येतो, ०.९० किंवा त्याहून कमी आकडा रोहिणीच्या विकाराचा समजतात. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने आकडा फसवा, १.४० च्या वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर पडला, तर तासाभराचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. एकच पाय एकाएकी सुजला, तर नीलेत गुठळी असू शकते; तेव्हाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पाय चोळू नये.

मोजे घ्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि डॉप्लरचा रिपोर्ट सोबत आणावा. चिठ्ठीशिवाय आम्ही दाबाचे मोजे देत नाही.