वाळूवरचा केक

आमच्या घरी वाळूचा एक डबा होता. बांधकामावरून आणलेली, चाळणीने चाळून चार पाण्यांनी धुतलेली, गच्चीत खडखडीत वाळवलेली वाळू. वर्षातून दोनदाच ती बाहेर निघायची, एकदा माझ्या वाढदिवसाला आणि एकदा भावाच्या. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला दोन बोटं वाळू पसरून ती चांगली तापू द्यायची, वर कुकरची जाळी आणि जाळीवर केकचा डबा. डब्याला आतून डालडा लावून वर मैदा भुरभुरलेला. पाऊण तासाने आई विणकामाची सुई खुपसून बघायची. सुई कोरडी निघाली की गॅस बंद.

ऐंशीच्या दशकात असा केक गावोगाव व्हायचा. ओव्हन नव्हता म्हणून काढलेली पळवाट, असंच त्याविषयी बोललं जातं. मला ते पटत नाही. केक बाहेरून आला हे खरं, पण तो भाजायची रीत आणि सजवायचा हात आपल्याकडे त्याच्या आधीपासून होता.

भाजण्याचं आधी बघू. कोकणात जून काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. पातेलं चुलीवर आणि झाकणावर रसरशीत निखारे. सीकेपी घरांत श्रावणात निनावं होतं. बेसन, कणीक, गूळ आणि नारळाचं दूध आटवून थापायचं आणि खालून-वरून शेक देऊन भाजायचं. गोव्यातली बिबिंक तर एकेक थर ओतून वरच्या निखाऱ्यांवर भाजत नेतात. तिथलाच रवा-खोबऱ्याचा बाथ हा सरळसरळ केकच आहे. म्हणजे ओव्हन नसला तरी ओव्हनचं तत्त्व चुलीपाशी होतंच. वाळूचा कुकर हा त्याच घराण्यातला.

देशावर आणखी एक सोय होती, बेकरीची भट्टी. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा घेऊन बेकरीत जायचं आणि रांग लावून नानकटाई भाजून आणायची. घरी येताना पत्र्याचा डबा मांडीला चटके देत असे. मुंबई-पुण्यात केकची चव लावली ती इराण्यांच्या बेकऱ्यांनी. ग्रँट रोडची मेरवान १९१४ची, पुण्याच्या कॅम्पातली कयानी १९५५ची. पण त्यांचा मावा केक हा चहाबरोबर खायचा, कागदी वाटीतला जिन्नस. त्यावर कुणी मेणबत्ती लावत नव्हतं.

मेणबत्तीची कथा जर्मनीतली. १७४६ साली काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल तेवढा मोठा केक केला होता. वयाच्या वर्षांइतकी भोकं पाडून प्रत्येकात एक मेणबत्ती आणि मधोमध आणखी एक, असं त्याचं वर्णन मिळतं. पुढे तिकडे ही मुलांच्या वाढदिवसाची रीत झाली. युरोपातून ती इंग्लंडमार्गे आपल्याकडच्या साहेबी घरांत आली आणि तिथून हळूहळू मध्यमवर्गात झिरपली.

आपल्याकडे वाढदिवस तिथीने व्हायचा. अभ्यंगस्नान, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. औक्षण करायचं आणि हातावर काहीतरी गोड. केक आला तेव्हा आज्यांची खरी हरकत अंड्याला नव्हती, फुंकरीला होती. दिवा विझला असं म्हणायलाही जीभ कचरते; दिवा मालवतो, शांत होतो. आणि इथे तर वाढदिवसाच्या दिवशीच लेकराने फुंकर मारून ज्योत घालवायची! तोड निघाली ती अगदी आपल्या पद्धतीची. आधी औक्षण, मग केक. निरांजन देवापुढे तेवत राहतं आणि मेणबत्तीला दिवा मानायचंच नाही.

अंड्याची अडचण मात्र होतीच. ज्या स्वयंपाकघरात अंडं येऊ शकत नव्हतं, तिथे केक फुगवणार कसा? याचं उत्तर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाकडे जातं. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून १८३७ साली त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली. तिला यीस्टही चालत नव्हतं, म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर. एका बाईच्या पथ्यातून निघालेले हे दोन डबे सव्वाशे-दीडशे वर्षांनी सदाशिव पेठेतल्या सोवळ्याला उपयोगी पडले, याची मला नेहमी गंमत वाटते. त्यांना घराघरात पोचवण्यात पुण्याच्याच वीकफिल्डचा मोठा वाटा. ही कंपनी १९५६ची.

यातलं रसायन साधं आहे. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे सुटतात. पीठ भाजून घट्ट होण्याआधी ते आत अडकले की केक हलका होतो. दही आणि सोडा हे जोडपं आपल्या बायकांना ढोकळ्यामुळे ओळखीचं होतं. अंड्याचा बांधून धरण्याचा गुण बऱ्याच अंशी कंडेन्स्ड मिल्कने भरून काढला. त्यात दुधाची प्रथिनंही आणि साखरही. मिल्कमेडच्या डब्यावरची कृती कापून वहीत चिकटवलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. अंड्याची बाजू लढवायलाही पुण्यातूनच माणूस निघाला. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी करणाऱ्या बी. व्ही. राव यांनी १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. तिची ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरात दूरदर्शनवर लागली की आमच्या शेजारच्या काकू आवाज बारीक करायच्या. केकमध्ये अंडं घालायच्या मात्र त्याच, मागच्या दाराने आणून.

आता सजावट. लहान मुलांसाठी साखरेची कलाकुसर करायला आपल्याला केकची वाट बघावी लागली नाही. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने आठवा. खसखशीवर किंवा तिळावर थेंब थेंब पाक सोडत, मंद आचेवर परातीत बोटांनी फिरवत राहायचं. तासनतास असं चाललं की दाण्याला काटा फुटतो. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पिवळे पडतात. मग ते दाणे ओवून, चिकटवून मुकुट, हार, बाजूबंद, बाळकृष्णाची बासरी. ज्या बाईने हे केलं आहे, तिला आयसिंगचं फूल अवघड जाणार नाही. शिवाय रुखवत मांडणारे हात होते, दारातली रांगोळी होती. रांगोळीची रेघ चिमटीतून सुटते आणि आयसिंगची कोनातून, एवढाच फरक. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या मुलींनी दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचाच कोन केला.

आयसिंगचं दुखणं वेगळं होतं. दुकानातलं लोणी खारट, त्यात पिठीसाखर फेटली की चव विचित्र. म्हणून घरचं ताजं लोणी थंडगार पाण्यात दोनदा धुऊन घ्यायचं. तेही मे महिन्यात टिकत नसे. माझा वाढदिवस मेमध्ये. आईने केकवर काढलेलं माझं नाव पाहुणे येईपर्यंत डब्याच्या कडेला ओघळलेलं असायचं. नंतर ती अक्षरं जेम्सच्या गोळ्यांनी मांडू लागली. या गोळ्या १९६८पासून मिळत होत्या आणि उन्हाला पुरून उरणाऱ्या होत्या. केक मधे खचला तर तो उपडा करायचा, सपाट बूड वर आणायचं. घरचा केक बहुधा उलटाच असतो, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असेल.

वर लालभडक चेरी. ही चेरी पुष्कळदा चेरी नसतेच, करवंदाच्या जातीचं फळ पाकात मुरवून रंगवलेलं असतं. आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. विलायती दिसावं म्हणून माथ्यावर बसवलेली गोष्टही इथल्याच मातीतली निघते.

आकार आले तेही घरातल्या भांड्यांतून. खोलगट वाडग्यात भाजलेल्या केकमध्ये बाहुली कमरेपर्यंत खोचली की झाला तिचा घेरदार झगा. चौकोनी केक कापून जुळवला की एकचा आकडा. क्रीमरोलची आगगाडी, बिस्किटाची चाकं. पुढे झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन घराघरांत आला आणि वाळूचे डबे माळ्यावर गेले.

वितळण्याचा प्रश्न सोडवला तो वनस्पती तेलाच्या क्रीमने. अमेरिकेत बफेलो इथे रॉबर्ट रिच यांनी १९४५ साली सोयाबीनपासून फेटता येणारं क्रीम केलं. तशा क्रीमचे गोठवलेले खोके आपल्या बाजारात रुळले आणि घरच्या केकला दुकानातली उंची आली. फाँडंटमुळे, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्यामुळे, मोटू-पतलूपासून जेसीबीपर्यंत काहीही केकवर उभं राहू लागलं. दिसायला झकास, पण मुलं ते सोलून ताटात ठेवतात, आणि पावसाळ्यात फ्रीजमधून काढलं की त्याला घाम फुटतो. असे केक घरी करून विकणाऱ्या बायकांचा एक मोठा वर्गच तयार झाला. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा क्रमांक खोक्यावर छापून एक किलो, अर्धा किलोच्या ऑर्डरी घेतात.

२०२०च्या टाळेबंदीत मात्र सगळं पुन्हा कुकरवर आलं. भाच्याचा चौथा वाढदिवस एप्रिलमध्ये होता आणि बेकरी बंद. बहिणीने ओरिओची बिस्किटं मिक्सरमधून काढली, दूध घातलं आणि वर इनोची पुडी. सोडा आणि सायट्रिक आम्ल एकाच पुडीत असल्याने दह्याचीही गरज नाही. मग तिने आईला फोन केला, कुकरमध्ये खाली काय घालू? आई म्हणाली, वाळू. आता चौदाव्या मजल्यावर वाळू कुठून आणायची? शेवटी जाड मीठ घातलं. केक झाला, मधे थोडा खचला, उपडा केला. मीठ तापून करडं पडलं होतं, स्वयंपाकात चालणारं नव्हतं. बहिणीने ते गार केलं, एका डब्यात भरलं आणि झाकणावर चिठ्ठी लावली, ‘केकचं’.