मराठवाड्यातील डोंगरी ओढ्यांवरचे चतुर : ओळख

चतुर आणि टाचणी हे ओडोनाटा गणातले शिकारी कीटक. मराठवाड्यात ते पाहायला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (स्थापना १९८६), अजिंठ्याची वाघूर, वेरूळची येळगंगा, बालाघाटातले आणि किनवटच्या सागवानातले ओढे अशा जागा आहेत. बहुतेक ओढे पावसाळी. धार तुटली की उरतात ते डोह, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. ऊन चढल्यावरच जावे. गारठ्यात चतुर दबून बसतात.

आधी बसण्याची ढब पाहावी. चतुर पंख आडवे पसरतो, टाचणी ते पाठीवर मिटते. लेस्टिडी कुळातल्या टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून नवख्याला चकवतात. मग डोळे. टाचणीचे डोळे दूर-दूर, बहुतेक चतुरांचे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. चतुर असून डोळ्यांत फट दिसली, तर तो बहुधा गोम्फिडी कुळातला.

रंगावर विसंबू नये. ट्रायथेमिस ऑरोरा या चतुराचा नर गुलाबी-किरमिजी, मादी पिवळट तपकिरी. कोवळा नरही मादीसारखाच दिसतो. म्हणून फोटो वरून आणि बाजूनेही घ्यावा. छातीवरचे पट्टे आणि शेपटीच्या टोकाची उपांगे त्यात आली नाहीत, तर जवळच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत. भारतातल्या चतुर-टाचण्यांवरच्या फ्रेझर यांच्या १९३३ ते १९३६ मधल्या तीन खंडांतही या खुणांवर भर आहे.

सगळ्यांत जास्त हुकतो तो ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. करड्या ठिपक्यांचा हा चतुर कातळाला इतका चिकटून बसतो, की उडाल्यावरच कळते. त्याचे इंग्रजी नाव ग्रॅनाइटवरून पडले. नांदेडचा पूर्व भाग सोडला तर इकडे काळा बेसाल्टच, पण त्याचे काही अडत नाही. घराच्या कंपाउंडवरही तो बसतो.

पावसाळ्यात माळावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळट पँटाला फ्लेव्हेसेन्स ओढ्याचा म्हणून नोंदवू नये. तो साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जाणारा प्रवासी आहे. ओढ्यावर दिसलेला इतर चतुरही शेजारच्या शेततळ्यातून आलेला असू शकतो. त्याची पिल्ले ओढ्यातच वाढली याचा पुरावा म्हणजे काठच्या दगडाला किंवा गवताच्या काडीला चिकटलेली रिकामी कात. ती जोराच्या सरीने धुऊन जाते, म्हणून उघडीप मिळताच शोधावी.