सीटीतलं खळं आणि उलटं खळं: ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या फुफ्फुसातली बुरशी कुठली?

बाबांना एएमएल (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) झाला होता, पहिल्या किमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले आणि अँटिबायोटिक चालू असूनही ताप काही उतरेना. छातीचा एक्स-रे साफ आला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी त्याच दिवशी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायला लावला कारण अशा पेशंटमध्ये बुरशी सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही बऱ्याचदा. रिपोर्टमध्ये हॅलो साइन असं लिहून आलं आणि कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांचा एकच प्रश्न, म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, आहे का? २०२१ नंतर पुण्यात बुरशी म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं.

तर म्युकर नव्हता, अ‍ॅस्परजिलस नावाची दुसरी बुरशी होती. आणि हा फरक नीट समजून घ्या, कारण औषध त्यावर ठरतं.

चंद्राला खळं पडतं ना, तसं हॅलो साइन. मधे घट्ट पांढरी गाठ आणि तिच्या भोवती धूसर कडं, काचेवर वाफ धरल्यासारखं. ही बुरशी रक्तवाहिनीत घुसते, वाहिनी तुंबते, तिथलं फुफ्फुस मरतं आणि आजूबाजूला रक्त झिरपतं, ते झिरपलेलं रक्त म्हणजे ते कडं. न्यूट्रोफिल कमी असलेल्या पेशंटमध्ये हे दिसलं की पहिला संशय अ‍ॅस्परजिलसचा.

रिव्हर्स हॅलो बरोब्बर उलटा, धूसर भाग मधे आणि घट्ट पांढरं रिंगण बाहेरून, बांगडीसारखं. ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये हे दिसलं की डॉक्टर म्युकरकडे वळतात, त्यातून सायनसचा त्रास असेल, दहापेक्षा जास्त गाठी असतील, छातीत पाणी असेल किंवा व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध चालू असताना हे नव्याने उगवलं असेल तर जास्तच. कारण व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर चालतं, म्युकरवर चालत नाही!! तिथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, त्यात किडनी आणि पोटॅशियमवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

रक्तातली गॅलॅक्टोमॅनन टेस्ट अ‍ॅस्परजिलस पकडायला मदत करते, म्युकरमध्ये ती निगेटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणजे बुरशी नाही असं समजू नका प्लीज. आणि सीटीतलं चिन्ह म्हणजे शिक्कामोर्तब नाही, म्युकरमध्येही कधी साधा हॅलो दिसतो आणि रिव्हर्स हॅलो टीबीतही दिसू शकतो, आपल्याकडे टीबी विसरून कसं चालेल. म्हणून दुर्बिणीने फुफ्फुसात पाणी सोडून परत ओढून तपासतात. बायोप्सी सगळ्यात पक्की, पण प्लेटलेट इतक्या कमी असताना सुई घालणं धोक्याचं, मग कधी कधी सीटी बघूनच औषध सुरू करावं लागतं.

वेळेचं पण सांगते. हॅलो पहिल्या काही दिवसांतच ठळक असतो, आठवडाभरात विरत जातो, त्यामुळे सीटी उद्या-परवावर ढकलू नका. आणि औषध बरोबर असलं तरी पहिल्या आठ-दहा दिवसांत गाठ मोठी झालेली दिसू शकते. बाबांच्या दुसऱ्या सीटीत ती वाढलेली बघून आईने तिथेच रडायला सुरुवात केली होती, आम्हाला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी मग दोन्ही सीटी शेजारी लावून समजावलं, ताप उतरलाय, ऑक्सिजन नीट आहे, औषध बदलायचं नाही. पुढे न्यूट्रोफिल पेशी परत वाढायला लागल्या तेव्हा त्याच गाठीत हवेची चंद्रकोर दिसली, मेलेला भाग आक्रसून सुटा व्हायला लागला की ती येते, आणि पेशी वर येताना दिसली तर ती बहुतेकदा चांगली खूण असते.

प्रत्येक सीटीची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, पुढच्या डॉक्टरला जुनं चित्र शेजारी लावूनच बघायचं असतं.