स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला लोन: आधी एस्टिमेट, मग बँक

प्लॉट आपला आहे आणि बांधकामाला होम लोन काढायचंय, तर बँकेत जायच्या आधी इंजिनिअर गाठा. "होतील वीस-बावीस लाख" हे तिथे चालत नाही, खोदाई, जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, लाइट, प्लंबिंग सगळं माप आणि दरासकट, सही-शिक्क्याचं एस्टिमेट (खर्चाचं अंदाजपत्रक) लागतं.

समजा १००० स्क्वेअर फूट आणि दर २००० धरला तर झाले २० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात म्हणजे १८ (३० ते ७५ लाखांत ८० टक्केच), उरलेले २ आपले आणि बहुतेक वेळा ते आधी घाला म्हणतात. आकडा फुगवलाय का ते घरीच बघा, एवढ्या कामाला ढोबळमानाने ४०० गोणी सिमेंट आणि साडेतीन-चार टन सळई जाते, त्याला गावातल्या दुकानाचा आजचा भाव लावा.

आमचं नेमकं उलटं झालं, आकडा कमी दिसावा म्हणून बोअर, सेप्टिक टँक आणि कंपाउंड धरलंच नाही, नंतर बँक म्हणाली मंजूर झालं ते झालं. बोअर शेवटी सोनं गहाण ठेवून मारली.

पात्रतेत मुख्य म्हणजे उत्पन्न, वय आणि सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर). नोकरीवाल्यांना पगार स्लिप, फॉर्म १६, धंदेवाल्यांना दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सोबत आधार, पॅन, बँक स्टेटमेंट. जागेचा सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, लागत असेल तिथे एनएची (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी. बँकेचा वकील जुने व्यवहार तपासून सर्च रिपोर्ट देतो, त्याची फी आपल्याच खिशातून. नकाशात ९५० आणि एस्टिमेटमध्ये १००० फूट असेल तर फाईल परत येते बरं का.

पैसे एकदम मिळत नाहीत. जोतं झालं की बँकेचा माणूस येऊन फोटो काढणार, मग पुढचा हप्ता, तसंच स्लॅबला, प्लास्टरला. पण सेंट्रिंगवाला आणि सळईवाला त्या फोटोसाठी थांबत नाहीत, तेव्हा एका टप्प्याचे तरी पैसे हातात ठेवूनच काम काढा. तोवर व्याज फक्त उचललेल्या रकमेवरच लागतं, पूर्ण ईएमआय नंतर सुरू होतो.