एक घटस्फोट, चार-पाच प्रकरणे: आजच्या गुंत्याची पार्श्वभूमी

घटस्फोटासाठी वकिलाकडे गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो प्रकरणांच्या संख्येचा. कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाची याचिका, फौजदारी संहितेखाली पोटगीचा अर्ज, दंडाधिकाऱ्यांसमोर घरगुती हिंसाचाराचा अर्ज, पोलीस ठाण्यात छळाची तक्रार, आणि मुलांच्या ताब्यासाठी आणखी एक अर्ज. नवरा-बायको तीच, मूल तेच, पगाराची पावतीही तीच, पण तारखा वेगवेगळ्या. हे वकिलांनी मुद्दाम वाढवलेले असते असा सर्रास समज आहे. काही वेळा तसे घडतेही. पण मूळ कारण कायद्याच्या जडणघडणीत आहे. यातला प्रत्येक कायदा वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी झाला आणि नवा करताना जुना कोणी हटवला नाही. इथे भर हिंदू विवाह कायद्यावर आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याने महाराष्ट्रातली बहुसंख्य प्रकरणे त्यातच येतात.

हिंदूंमध्ये पूर्वी घटस्फोट नव्हताच, हे विधान महाराष्ट्रापुरते अर्धेच खरे आहे. ब्राह्मण आणि त्यांच्यासारखी रीत पाळणाऱ्या जातींत लग्न मोडत नसे. इतर अनेक जातींत मात्र काडीमोड होई, सोडचिठ्ठी किंवा फारकत लिहून दिली जाई, आणि बाई पाट लावून दुसऱ्या घरी नांदायला जाई. निवाडा जातपंचायत करी. इंग्रजी न्यायालये आल्यावर या रूढीवर बंधने आली. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला दुसरे लग्न करू देणारी रूढी अनैतिक म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये नाकारली. १८७६ मध्ये, नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध लग्न मोडण्याचा अधिकार जातीला नाही, असे त्याच न्यायालयाने ठरवले. ज्या बायकांना बाहेर पडण्याची वाट होती, त्यांचीही वाट यामुळे अरुंद झाली. सुधारणेच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

त्याच न्यायालयात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ मध्ये उभा राहिला. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला आणि नवऱ्याने वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या, पण हिंदू कायद्यात त्यांच्यासाठी घटस्फोट नव्हता.

त्या दाव्याचे हत्यार इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आपल्याकडे आले होते. १९२३ मध्ये त्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढली गेली. दावा मात्र टिकला, आणि आज तो हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आजही माहेरी गेलेल्या बायकोला ‘नांदायला ये’ अशी नोटीस जाते ती याच कलमाच्या जोरावर. हुकूमनाम्यानंतर एक वर्षात सहजीवन सुरू झाले नाही, तर कलम १३(१अ) खाली तेवढ्या कारणावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. म्हणून अशा नोटिशीला उत्तर न देणे महागात पडते. वेगळे राहण्याला सबळ कारण आहे हे पहिल्याच उत्तरात, तपशिलासह लिहावे लागते. एकतर्फी हुकूमनामा झाला की पुढच्या दाव्याचा पाया समोरच्याला आयता मिळतो.

घटस्फोटाचा लेखी कायदा आपल्या बाजूला आधी संस्थानांत झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आणि बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये तो केला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंना दुसरी बायको करण्यास बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा आणला. त्यात चार वर्षांचा परित्याग हे एक कारण होते. त्यावरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परित्यागाची जी व्याख्या केली, ती अजून चालते: घर सोडणे आणि कायमचे सोडण्याचा इरादा असणे, या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत, शिवाय समोरच्याची संमती किंवा तसे भाग पाडणारे वर्तन नसावे. बाळंतपणाला माहेरी गेलेली बायको परत आली नाही, एवढ्याने परित्याग होत नाही. न्यायला कोण गेले, कधी गेले, काय बोलणे झाले, यावर प्रकरण ठरते.

हिंदू कोड बिल रखडले आणि डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बिलाचे तुकडे करून पुढे कायदे झाले. त्यांतला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून अमलात आला. त्याने घटस्फोट दिला, पण हात आखडून. पहिली तीन वर्षे अर्जच करता येत नसे. क्रूरता आणि परित्याग या कारणांवर थेट घटस्फोट नव्हता, फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळे राहण्याची मुभा, होती. परस्पर संमतीची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात होती, पण सात फेरे घेतलेल्यांना ती आणखी २२ वर्षे मिळाली नाही.

या काळाचा सर्वांत बोलका नमुना पुण्यातला दास्ताने खटला. लग्न १९५६ चे, याचिका १९६२ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७५ चा. न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या निकालाने दोन गोष्टी ठरल्या. क्रूरता फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय दिसते एवढे पुरते. आणि क्रूरता सिद्ध झाली तरी त्यानंतर नेहमीसारखे सहजीवन झाले असेल, तर ती क्षमा केलेली धरली जाते. त्या प्रकरणात क्रूरता मान्य होऊनही पतीला दिलासा मिळाला नाही तो या दुसऱ्या मुद्द्यामुळे. आज वकील तारीखवार घटनाक्रम मागतात आणि ‘शेवटचे एकत्र कधी राहिलात’ हे खोदून विचारतात, त्यामागे हाच निकाल आहे. ‘तो नेहमी छळायचा’ असे मोघम लिहिलेली याचिका उलटतपासणीत टिकत नाही.

१९७६ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली, तीन वर्षांची अट एकावर आली, आणि कलम १३ब, म्हणजे परस्पर संमती, कायद्यात शिरले. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, मग पहिली याचिका, आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांत दुसरा अर्ज. मधले सहा महिने फेरविचारासाठी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. २०१७ मध्ये सांगितले की हे सहा महिने माफ होऊ शकतात. मात्र त्यासाठी वेगळे राहून दीड वर्ष झालेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुले आणि इतर वाद खऱ्या अर्थाने मिटलेले असावेत. माफीचा अर्ज पहिल्या याचिकेनंतर आठवड्याने करता येतो.

संमतीचा घटस्फोट फसतो तो बहुतेक वेळा अटींच्या कागदावर. सगळी रक्कम पहिल्याच तारखेला दिली आणि नंतर संमती मागे घेतली गेली, किंवा तक्रार आधी मिटवली आणि पैसे आलेच नाहीत, ही दोन्ही टोके नेहमी दिसतात. म्हणून रकमेचे हप्ते न्यायालयातल्या टप्प्यांना बांधावेत: काही भाग पहिल्या याचिकेवेळी, काही फौजदारी गुन्हा उच्च न्यायालयातून रद्द होताना, उरलेला दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. दोघांच्या नावावर गृहकर्ज असेल तर आपापसातली अट बँकेवर बंधनकारक नसते. सहकर्जदाराचे नाव बँकेनेच कमी करावे लागते, आणि फ्लॅटमधला हिस्सा सोडण्याचा दस्त वेगळा नोंदवून घेणे शहाणपणाचे. मुलाची पोटगी आई-वडिलांनी आपसात ‘सोडून’ दिली तरी न्यायालय ते मानायला बांधलेले नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे.

पोटगीची वाट वेगळी, आणि घटस्फोटाच्या कायद्याहून जुनी. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम ४८८ मध्ये ती होती. निराधार बायको आणि मुले रस्त्यावर येऊ नयेत एवढाच तिचा हेतू, म्हणून ती धर्म पाहत नाही आणि दंडाधिकाऱ्यांकडे गेली. १९७३ मध्ये ती कलम १२५ झाली आणि घटस्फोटितेलाही मिळाली. शाहबानो प्रकरण याच कलमातले. महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये गेली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. दुसरीकडे हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ अंतरिम खर्च देते आणि २५ कायमची पोटगी, आणि या दोन्ही कलमांखाली पतीही मागू शकतो. त्यात २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याची भर पडली. तो आला कारण आधीच्या कोणत्याच कायद्यात बायकोला राहत्या घरातून बाहेर काढू नका, असा तातडीचा दिवाणी आदेश सहज मिळत नव्हता. एकत्र राहिलेले घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी हा आदेश मागता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तो राहण्याचा हक्क आहे. मालकी त्यातून येत नाही.

तीन वाटांनी तीन पोटग्या, हा घोळ आवरण्याचा प्रयत्न नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात झाला. रजनीश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे सविस्तर प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि आधीच्या आदेशातली रक्कम नंतरच्यात धरायची, हेही ठरवले. आधीचा आदेश लपवला किंवा उत्पन्न कमी दाखवले, तर नुकसान लपवणाऱ्याचेच होते. बँक खात्यांचे उतारे, विवरणपत्रे आणि पगाराच्या पावत्या प्रतिज्ञापत्रासोबत आधीच जुळवून ठेवाव्यात.

मुलांबाबत १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा असे दोन थर आहेत. १९५६ च्या कायद्याने वडिलांना नैसर्गिक पालक म्हटले, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे ठेवला. सर्वांवर कळीचा शब्द एकच: मुलाचे हित. ताब्याचा आदेश कधीच अंतिम नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. मूल आपल्याकडे ठेवून दुसऱ्याला भेटू न देणे हा पोटगीसाठी दबाव आणण्याचा मार्ग म्हणून वापरला जातो. त्याने मुलाचे अतोनात नुकसान होते, आणि न्यायाधीशही ते ओळखतात. शाळेच्या सुट्ट्या, व्हिडिओ कॉलची वेळ, पासपोर्टवरची सही, हे सगळे अटींत लिहिलेले बरे.

हे विखुरलेले धागे एका छताखाली यावेत म्हणून १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा झाला आणि १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. विवाह समुपदेशक हा त्यांचा कणा. वकील हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, ती सहसा मिळते. ज्या जिल्ह्यात असे न्यायालय नाही, तिथे याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जाते. २००३ पासून पत्नी स्वतः राहते त्या ठिकाणीही दाखल करू शकते. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि ते माहीत नसल्याने पैसे मोजणाऱ्या बायका अजून आढळतात.

मालमत्तेबाबत मात्र महाराष्ट्र आणि गोवा दोन जगे आहेत. गोव्यात पोर्तुगीज राजवटीतला घटस्फोटाचा हुकूम ३ नोव्हेंबर १९१० चा. १८६७ च्या नागरी संहितेनुसार वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक आणि फारकतीनंतर निम्मी-निम्मी. १९६१ नंतरही हा कायदा टिकला. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर त्याचे, हाच नियम. लग्नातल्या स्त्रीधनावर पत्नीचा पूर्ण हक्क आहे, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण वीस वर्षे घर चालवून पतीच्या नावावर झालेल्या फ्लॅटमध्ये तिला आपोआप हिस्सा नाही. तो देऊ पाहणारे, आणि न सुधारता येणारा बेबनाव हे घटस्फोटाचे कारण करणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि नंतर बारगळले. बेबनावाच्या कारणावर लग्न मोडण्याचा अधिकार आज फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, आणि १ मे २०२३ च्या निकालाने त्याच्या मर्यादा आखल्या. कौटुंबिक न्यायालयात ‘आमचे आता जमत नाही’ एवढे म्हणून एकतर्फी घटस्फोट मिळत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांनी हे खास लक्षात ठेवावे. भारतात हिंदू पद्धतीने झालेले लग्न तिथल्या न्यायालयाने केवळ बेबनावावर, दुसऱ्याच्या गैरहजेरीत मोडले, तर तो निकाल इथे मानला जात नाही, हे १९९१ पासून पक्के आहे.

जुन्या काडीमोडीचा एक अवशेष अजून कायद्यात आहे. कलम २९(२) ने रूढीनुसार होणारी फारकत राखून ठेवली. त्यावर भिस्त ठेवून गावोगाव स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठ्या लिहिल्या जातात. त्या समाजात तशी रूढी प्राचीन, अखंड आणि निश्चित आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते क्वचितच जमते. सिद्ध झाले नाही तर पहिले लग्न कायम राहते, दुसरे रद्दबातल ठरते आणि द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी दोन बायकांचे अर्ज समोर येतात आणि दुसरीच्या हाती काही लागत नाही.

हुकूमनामा मिळाल्यावरही घाई नडते. लढवलेल्या प्रकरणात अपिलाची मुदत ९० दिवस आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्यातले ३० दिवस धरावेत की हे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये मिटवला. ती मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करू नये. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अपील नाही, त्यामुळे तिथे ही प्रतीक्षा उरत नाही. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती मात्र तीन-चार घ्याव्यात. पासपोर्ट, बँक, भविष्य निर्वाह निधीतले नामनिर्देशन आणि मुलाची शाळा, सगळीकडे त्या लागतात.