सॉकेट १६ अँपिअरचा, वायर मात्र दिव्याची

‘इंडक्शन चालवायचंय? बोर्डातला जुना सॉकेट काढा, १६ अँपिअरचा बसवा, झालं.’ हा सल्ला घरोघरी फिरतो. पण झालेलं काहीच नसतं. सॉकेटवरचा १६ आकडा त्या सॉकेटपुरता, मागच्या वायरचा नव्हे.

२००० वॉटचं इंडक्शन २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतं. त्याच लाइनवर १५०० वॉटची किटली लावली की एकूण १५ च्या वर. दिव्यांच्या बोर्डात बहुधा १.५ स्क्वेअर एमएमची वायर असते, तिला हा भार सोसत नाही. एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडते. मग कुणीतरी १० ची काढून २० ची बसवतो (खरा घात इथेच). आता एमसीबी पडत नाही, पाइपातली वायर तापते. आधी स्क्रूपाशी इन्सुलेशन तपकिरी, कडक होतं, प्लग हाताला गरम लागतो.

योग्य काम म्हणजे डीबीपासून (घरातल्या सगळ्या एमसीबी असलेल्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र लाइन: फेज आणि न्यूट्रल ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, सोबत हिरवी अर्थिंग वायर, २० अँपिअर एमसीबी, आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच). सॉकेट सिंक आणि शेगडीपासून लांब.

अर्थिंग नसेल तर वरच्या पिनेला न्यूट्रल जोडून देणारेही भेटतात. न्यूट्रल कुठे तुटली, की इंडक्शनच्या धातूच्या भागांत करंट. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थिंग मोजायला लावा.