प्रीमियम ट्रॅव्हल कार्डाची वार्षिक फी वसूल होते का?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर वार्षिक फी लागली की आमच्याकडे हमखास विचारणा होते: कार्ड ठेवावं की बंद करावं? फी मोठी असते आणि कार्डासोबत आलेली सवलतींची यादीही लांबलचक असते. यादी वाचली की वाटतं, एवढं सगळं मिळतंय तर फी काहीच नाही. बिल पाहिलं की वाटतं, आपण हे सगळं वापरलं तरी कधी? हे पत्रक या प्रश्नाचा हिशेब घरच्या घरी कसा करायचा, ते सांगण्यासाठी आहे. आम्ही कुठलंही कार्ड विकत नाही आणि कुठल्याही बँकेकडून दलाली घेत नाही. त्यामुळे तुम्ही कार्ड ठेवलंत किंवा बंद केलंत, तरी आमचा त्यात काही फायदा-तोटा नाही.

फी नेमकी कशाची?

अमेरिकन एक्सप्रेसने 1958 साली आपलं पहिलं कार्ड आणलं, तेव्हा त्याची वार्षिक फी सहा डॉलर ठेवली. तिच्याआधी बाजारात आलेल्या डायनर्स क्लब या कार्डाची पाच होती. एक डॉलर जास्त घेतला, तो आपलं कार्ड वरच्या दर्जाचं दिसावं म्हणून. जास्त फी म्हणजे जास्त मान, हा समज तेव्हापासून या धंद्यात आहे. मानाला आमचा विरोध नाही. फक्त तो हिशेबात धरू नका. कार्ड हातात असल्याचं समाधान तुम्हाला मोलाचं वाटत असेल, तर त्यासाठी किती पैसे मोजायला तयार आहात तो आकडा वेगळा लिहून ठेवा.

कार्डावर खर्च केला की बक्षीस म्हणून पॉइंट मिळतात. त्यांचे पैसे बरेचसे दुकानदाराकडून येतात. प्रत्येक व्यवहारावर दुकानदार जे शुल्क भरतो, त्यातला एक हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातूनच बक्षिसं दिली जातात. युरोपीय संघाने 2015 साली हा हिस्सा क्रेडिट कार्डांसाठी 0.3 टक्क्यावर बांधून टाकला. त्यामुळे तिथल्या आणि अमेरिकेतल्या कार्डांच्या बक्षिसांत मोठा फरक दिसतो. म्हणून दुसऱ्या देशातल्या माणसाने केलेला हिशेब वाचून आपलं कार्ड निवडू नका. तुमच्या कार्डाच्या अटी, तुमच्या देशातले नियम आणि तुमचा स्वतःचा खर्च, एवढंच कामाचं आहे.

प्रत्येक सवलतीला विचारायचा प्रश्न

हे कार्ड नसतं, तर याच गोष्टीवर मी खिशातून किती पैसे घातले असते?

आलेलं उत्तर हीच त्या सवलतीची तुमच्यापुरती किंमत. जाहिरातीत लिहिलेली किंमत तुम्हाला लागू नाही. ज्याच्यासाठी तुम्ही एरवी एक पैसाही मोजला नसता, ते कितीही भारी असलं तरी हिशेबात त्याची किंमत शून्य. हे कठोर वाटेल, पण फी तुम्ही रोख भरता, तेव्हा तिच्यासमोर रोखीत मोजता येईल तेच ठेवायला हवं.

एका पॉइंटची किंमत किती?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत, चलन कुठलंही धरा.

एका विमान तिकिटाची रोख किंमत 18,000 आहे. तेच तिकीट 24,000 पॉइंट देऊन मिळतं, पण कर आणि अधिभार म्हणून 4,500 रोख भरावे लागतात. म्हणजे पॉइंटांनी वाचवले 13,500. त्याला 24,000 ने भागलं की एका पॉइंटची किंमत निघते साधारण 0.56. पुष्कळ जण इथेच थांबतात. आता पुढचं पाहा. पॉइंट नसते तर तुम्ही हेच 18,000 चं तिकीट घेतलं असतं का? की दुसऱ्या कंपनीचं, दोन तास उशिरा सुटणारं 14,000 चं घेतलं असतं? दुसरं घेतलं असतं, तर खरी बचत 9,500 आणि पॉइंटची किंमत 0.40 च्या आत. बिझनेस क्लासच्या तिकिटावर हा फरक फार मोठा होतो. त्या तिकिटाची छापील किंमत धरून पॉइंट अगदी सोन्याच्या भावाचे दिसतात, पण आपल्यापैकी किती जणांनी ते तिकीट रोखीने घेतलं असतं?

पॉइंट वस्तूंच्या कॅटलॉगमधून वापरले किंवा बिलातून वळते केले, तर बहुधा याहून कमी भाव मिळतो. तुम्ही पॉइंट नेहमी ज्या मार्गाने वापरता, त्याच मार्गाचा भाव धरा.

आणखी एक गोष्ट. आज काढलेला भाव उद्या टिकेलच असं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली आपली माइल्सची, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटांची, योजना सुरू केली. त्यानंतर बराच काळ अनेक विमान कंपन्यांकडे कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा ठरलेला तक्ता असे. डेल्टाने 2015 साली तो तक्ता आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, पुढे युनायटेडनेही तीच वाट धरली. आता अनेक योजनांमध्ये तिकिटाच्या रोख भावाप्रमाणे माइल्सचा भावही वरखाली होतो. त्यामुळे पाच वर्षांनी मोठी सहल करू म्हणून पॉइंट साठवत राहणं आम्हाला पटत नाही. साठवलेल्या पॉइंटांवर व्याज मिळत नाही, वर त्यांचा भाव घसरण्याची भीती असतेच. बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात एकदा वळवले की सहसा परत फिरवता येत नाहीत, तेव्हा जागा उपलब्ध आहे हे आधी बघा आणि मगच वळवा.

तुलना बिनफीच्या कार्डाशी

"वर्षाला 4,800 चे पॉइंट मिळाले, म्हणजे निम्मी फी वसूल" असं म्हणताना एक गोष्ट सुटते. हे कार्ड नसतं तर तोच खर्च तुम्ही दुसऱ्या कार्डावर केला असता आणि तिथेही काहीतरी मिळालंच असतं. फायदा धरायचा तो दोहोंमधल्या फरकाचा.

समजा एका कुटुंबाचा कार्डावरचा वर्षाचा खर्च 4,00,000 आहे. त्यातला 1,00,000 प्रवासावर, बाकी रोजच्या गोष्टींवर. प्रीमियम कार्ड प्रवासाच्या दर शंभरामागे 6 आणि इतर खर्चाच्या दर शंभरामागे 2 पॉइंट देतं. दोन्हीकडून सहा-सहा हजार, मिळून 12,000 पॉइंट. भाव 0.40 धरला तर 4,800. बिनफीचं साधं कार्ड सगळ्यावर 1 टक्का कॅशबॅक देतं असं धरलं तर 4,000. फरक फक्त 800. आणि फी 10,000.

उरलेले 9,200 इतर सवलतींतून निघायला हवेत. या कार्डावर 6,000 चं प्रवास क्रेडिट आहे, म्हणजे प्रवासाच्या खर्चातले तेवढे पैसे बिलातून वजा होतात. ते कुठल्याही तिकिटावर आपोआप वळतं होतं आणि हे कुटुंब तेवढा प्रवास करतंच, म्हणून पूर्ण धरू. विमानतळावरच्या लाउंजमुळे चार वेळचं खाणंपिणं वाचतं, 500 प्रमाणे 2,000. परदेशात 40,000 खर्च होतो, तिथे या कार्डाचा मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर लागणारं जादा शुल्क) साध्या कार्डापेक्षा 2 टक्क्यांनी कमी, म्हणजे 800. प्रवास विमा ते एरवी 1,000 देऊन घेतात, तो आता घ्यावा लागत नाही. सगळं मिळून 10,600. फी वजा जाता हाती राहतात 600.

म्हणजे नियमाने प्रवास करणाऱ्या, सवलती आठवणीने वापरणाऱ्या कुटुंबालाही हे कार्ड जेमतेम परवडतं. एखाद्या वर्षी परदेशी जाणं रद्द झालं तर मार्कअपचे 800 आणि विम्याचे 1,000 गळतात आणि 1,200 चा तोटा होतो. फीवर कर लागत असेल तर तोटा आणखी वाढतो. तुमचे आकडे वेगळे येतील आणि कदाचित बरेच चांगलेही येतील. महिन्यातून दोन-तीनदा विमानात बसणाऱ्या आमच्या काही ग्राहकांना असं कार्ड चांगलं फळतं आणि त्यांना आम्ही ते ठेवायलाच सांगतो.

प्रवासाच्या वाढीव पॉइंटांबद्दल एक खबरदारी. कुठला खर्च प्रवासाचा, हे ठरतं ते विक्रेत्याला दिलेल्या चार आकडी वर्ग-क्रमांकावरून. हॉटेलांचा सर्वसाधारण क्रमांक 7011, ट्रॅव्हल एजन्सीचा 4722. हॉटेलच्या आवारातल्या उपाहारगृहाचा क्रमांक वेगळा असेल, तर तिथलं जेवण प्रवासात धरलं जाईलच असं नाही. मोठी बुकिंग करण्याआधी मागच्या स्टेटमेंटमध्ये त्याच विक्रेत्याकडच्या खर्चावर किती पॉइंट पडले होते, ते बघून घ्या.

क्रेडिटचे तुकडे

अलीकडे फी वाढते आणि सोबत सवलतींचे तुकडेही वाढतात. अमेरिकेत चेस सॅफायर रिझर्व्ह हे कार्ड 2016 साली 450 डॉलर फीवर आलं. 2025 साली ती फी 795 डॉलर झाली. त्याच वर्षी अमेरिकन एक्सप्रेसच्या तिथल्या प्लॅटिनम कार्डाची फी 695 वरून 895 डॉलरवर गेली. दोन्ही वेळा नव्या क्रेडिटांची यादी पुढे केली गेली आणि कागदावर त्या यादीची बेरीज फीपेक्षा बरीच जास्त भरते. पण त्यातली कितीतरी क्रेडिटं दर महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीला संपतात आणि ठरावीक कंपन्यांकडेच चालतात.

तिमाहीचं 1,500 चं क्रेडिट म्हणजे वर्षाचे 6,000 असं धरू नका. मागच्या वर्षी चारपैकी किती तिमाहींत ते वापरलं, ते स्टेटमेंट उघडून मोजा. आणि ते वापरण्यासाठी एरवी न घेतलेली वस्तू घेतली असेल, तर तो फायदा धरूच नका. 1,500 चं क्रेडिट वापरायला 2,200 ची खरेदी झाली असेल, तर वरचे 700 खर्चाच्या बाजूला लिहा.

लाउंज

तुम्ही खरोखर ज्या विमानतळांवरून जाता, तिथे लाउंज आहे का, तुमच्या टर्मिनलमध्ये आहे का आणि सोबतच्या माणसाला प्रवेश फुकट आहे का, हे तपासा. पाहुण्यांचे नियम फार बदलतात. अमेरिकन एक्सप्रेसने आपल्या सेंच्युरियन लाउंजमधला अमेरिकी प्लॅटिनम कार्डधारकांचा फुकट पाहुणा-प्रवेश फेब्रुवारी 2023 पासून बंद केला. ज्यांचा वर्षाचा खर्च 75,000 डॉलर आहे, त्यांच्यापुरताच तो ठेवला. चौघांच्या कुटुंबात एकालाच प्रवेश असेल, तर ती सवलत वापरलीच जाणार नाही.

विमा

कार्डाचा विमा बहुधा त्याच कार्डावर तिकीट काढलं तरच लागू होतो. आधीपासूनचे आजार, वयाची मर्यादा, प्रवासाचे कमाल दिवस या अटी पॉलिसीच्या मूळ कागदात असतात, जाहिरातीच्या पानावर नसतात. मूळ कागद मागून घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामान हरवलं तर 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे विमान कंपनीच जबाबदार असते. या जबाबदारीची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. करार लागू असलेल्या प्रवासात हे संरक्षण कार्ड नसतानाही मिळतं, तेव्हा सामानाच्या विम्याला फार मोठी किंमत देऊ नका. परदेशातल्या दवाखान्याचा खर्च मात्र कार्डाच्या विम्यावर सोडू नका. तिथली रक्कम पुरेशी आहे याची खात्री नसेल, तर वेगळी पॉलिसी घ्या आणि हिशेबात कार्डाचा विमा शून्य धरा.

परदेशातलं बिल

मार्कअप कमी असलेलं कार्ड नेऊनही फायदा हातचा जाऊ शकतो. दुकानातलं मशीन विचारतं, पैसे तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का? ओळखीचा आकडा दिसतो म्हणून माणूस हो म्हणतो. पण मग विनिमयाचा दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो सहसा महाग पडतो. नेहमी तिथलंच स्थानिक चलन निवडा. पावतीवर आपल्या चलनातला आकडा छापून आला, तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

बिल पूर्ण भरत नसाल तर

मग वरचं सगळं बाजूला ठेवा. व्याज महिन्याला 3 टक्के धरलं तर 1,00,000 ची थकबाकी तीन महिन्यांत 9,000 हून जास्त खाते. ते उदाहरणातल्या जवळजवळ पूर्ण फीइतके झाले. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बहुतेक कार्डांवर मिळत नाही. अशा वेळी आधी थकबाकी फेडण्याबद्दल बोलू, ट्रॅव्हल कार्डाचा विषय नंतर.

पहिलं वर्ष आणि त्यानंतर

सुरुवातीला मिळणारा मोठा बोनस एकदाच मिळतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचा हिशेब जवळजवळ नेहमीच फायद्याचा दिसतो. बोनससाठी ठरावीक मुदतीत ठरावीक खर्च करायचा असतो. तो नेहमीच्या खर्चातून पूर्ण होत असेल, तर जरूर घ्या. दुसऱ्या वर्षाची फी भरताना मात्र बोनस पूर्णपणे वगळून बेरीज करा.

फी लागण्याच्या तारखेआधी महिनाभर हा हिशेब करायला बसा. आकडा उणे आला, तर लगेच कार्ड बंद करण्याआधी कंपनीला फोन करा. फीमध्ये सूट, ठरावीक खर्चावर माफी किंवा त्याच कंपनीचं कमी फीचं कार्ड, यातलं काही मिळतं का ते सरळ विचारा. मिळालं तर लेखी घ्या. काहीच नाही मिळालं, तर आधी पॉइंट वापरा किंवा वळवा. बँकेकडचे पॉइंट कार्ड बंद होताच जाण्याची शक्यता असते. विमान कंपनीच्या खात्यात जमा झालेले माइल्स सहसा तिथेच राहतात. त्या कार्डावरून आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा, बाकी शून्य झाल्याची खात्री करा आणि कार्ड बंद केल्याचं पत्र मागून घ्या. फी लागून गेली असली, तरी काही कंपन्या ठरावीक दिवसांच्या आत कार्ड बंद केल्यास ती परत करतात. ही मुदत अटींमध्ये लिहिलेली असते.

आमच्याकडे येताना मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं, पॉइंट कुठे कुठे वापरले त्याची नोंद आणि येत्या वर्षात ठरलेले प्रवास एवढं घेऊन या. आकडे समोर मांडून बेरीज करू. कार्ड फळत असेल तर तसं सांगू, नसेल तर कंपनीशी काय बोलायचं तेही लिहून देऊ.